बढती घेणे आणि बिऱ्हाड हलवणे हे दोन वेगळे निर्णय आहेत

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

मार्चअखेर उलटली की खानदेशातल्या कित्येक घरांत एकच विषय सुरू होतो. प्रमोशनची ऑर्डर आली आहे, जायचे की नाही? भुसावळच्या रेल्वे विभागातल्या कर्मचाऱ्याला मुंबई मुख्यालय मिळते. दीपनगरच्या वीज केंद्रातल्याला कोराडी किंवा चंद्रपूर. भुसावळच्या आयुध निर्माणीचे मुख्यालय २०२१ पासून नागपूरला गेले आणि वरणगावच्या निर्माणीचे पुण्याला, त्यामुळे तिथल्यांनाही त्याच गावांकडे पाहावे लागते. बँकेतला लिपिक अधिकारी झाला की बदली बहुतेक ठरलेलीच. जळगाव-धुळ्याच्या एमआयडीसीतल्या सुपरवायझरला चाकण, अंकलेश्वर, वापी. वय पंचेचाळीस ते बावन्न, मुलगी नववी-दहावीत, आईवडील सत्तरीपुढचे, घराचे हप्ते नुकतेच फिटलेले, आणि उत्तर द्यायला आठ-पंधरा दिवस.

या पत्रावर सही करणारे आम्ही सगळे आस्थापना, लेखा आणि मनुष्यबळ शाखांत काम केलेली माणसे आहोत. या निर्णयात सर्वाधिक नुकसान एका समजुतीने होते, ती म्हणजे बढती घेतली की बिऱ्हाड हलवायचेच आणि बिऱ्हाड हलवता येत नसेल तर बढती सोडायचीच. दोन्हींचे घड्याळ वेगळे असते. बढतीला होकार-नकार देण्याची मुदत ऑफिस ठरवते. घर हलवण्याची वेळ मुलांची इयत्ता, जोडीदाराची नोकरी आणि शेतीचे साल बदलणारी आखाजी (अक्षय्य तृतीया) ठरवते. दोन्ही गोष्टी एकाच रात्री ओट्यावर बसून ठरवल्या की दोन्ही बिघडतात.

आधी बढतीने हातात काय पडते ते पाहू. केंद्र सरकारी नोकराचे उदाहरण घेऊ. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात लेव्हल ६ मध्ये मूळ वेतन ५२,००० आहे आणि बढती लेव्हल ७ मध्ये आहे. नियमाप्रमाणे आधी जुन्या लेव्हलमध्ये एक वेतनवाढ मिळते, म्हणजे ५३,६००. मग नव्या लेव्हलमध्ये तेवढाच किंवा त्याच्या लगतचा वरचा आकडा शोधतात. लेव्हल ७ मध्ये ५३,६०० हा आकडा आहे, म्हणून तिथेच वेतन ठरते. मूळ वेतनातली वाढ झाली १,६०० रुपये. जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्के महागाई भत्ता धरला तर २,५२८.

मग मुंबईला गेलेल्यांचा पगार एवढा वाढलेला कसा दिसतो? भत्त्यांमुळे. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेल्यापासून घरभाडे भत्ता एक्स, वाय आणि झेड शहरांना अनुक्रमे ३०, २० आणि १० टक्के आहे. मुंबई-पुणे एक्स वर्गात, नाशिक-मालेगाव वाय वर्गात, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ झेड वर्गात. भुसावळला ५२,००० वर ५,२०० मिळत होते, मुंबईत ५३,६०० वर १६,०८० मिळतील. या लेव्हलला वाहतूक भत्ताही मुंबईत ३,६०० अधिक महागाई भत्ता आहे, भुसावळला १,८०० अधिक महागाई भत्ता. फरक २,८४४. सगळे मिळून महिन्याला १६,२५२ रुपये वाढले, पण त्यांतले १३,७२४ हे गावाचे पैसे आहेत, पदाचे नाहीत. परत खानदेशात बदली झाली की ते जातात आणि जवळ उरते अडीच-पावणेतीन हजारांची वाढ. भुसावळला क्वार्टर असेल तर घरभाडे भत्ता मुळात शून्य असतो. अशा वेळी फरक आणखी मोठा दिसतो, पण क्वार्टर सुटते हे त्यात धरलेले नसते.

इथे एक खाच फार जणांना उशिरा कळते. १०, २०, ३० वर्षांच्या सेवेवर मिळणारी वाढीव वेतनश्रेणी, म्हणजे केंद्रात एमएसीपी, जर आधीच मिळालेली असेल आणि बढती त्याच लेव्हलमध्ये असेल, तर बढतीच्या वेळी पुन्हा वेतननिश्चितीचा लाभ मिळत नाही. पद नवे, गाव नवे, मूळ वेतन तेच. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांनी आश्वासित प्रगती योजनेचा कोणता टप्पा मिळाला आहे आणि बढतीने त्यावर काय परिणाम होतो, हे सेवापुस्तक पुढ्यात ठेवून आस्थापना शाखेत तपासावे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला काय मिळाले यावरून स्वतःचा अंदाज बांधू नये. त्याचा टप्पा वेगळा असतो.

होकार दिला तर आणखी एक मुदत लक्षात ठेवायची. वेतननिश्चिती बढतीच्या तारखेपासून घ्यायची की पुढच्या वेतनवाढीच्या तारखेपासून, हा पर्याय एका महिन्याच्या आत लेखी द्यावा लागतो. बढती मार्चमध्ये आणि वेतनवाढ १ जुलैला असेल, तर दुसऱ्या पर्यायात जुलैत वार्षिक आणि बढतीची अशा दोन वाढी जुन्या लेव्हलमध्ये धरून मग निश्चिती होते. चार महिने थोडे कमी मिळतात, पण त्यापुढे बऱ्याचदा फायदा होतो. कोणाला कोणता पर्याय बरा, हे दोन्ही आकडे मांडल्याशिवाय सांगता येत नाही. सामान बांधण्याच्या गडबडीत हा महिना निघून जातो आणि मग पहिलाच पर्याय गळ्यात पडतो.

निवृत्तीला सहा-सात वर्षे उरलेल्यांनी हा हिशेब आणखी पुढे न्यावा. मूळ वेतनातल्या १,६०० च्या वाढीने पेन्शनमध्ये ८०० आणि त्यावरचा महागाई भत्ता वाढतो. ३०० दिवसांच्या रजा रोखीकरणात दहा महिन्यांचे, म्हणजे आजच्या दराने सुमारे २५,०००, आणि पूर्ण सेवेच्या ग्रॅच्युइटीत साडेसोळा पट, म्हणजे सुमारे ४१,७००. हे पैसे आयुष्यभराचे आहेत आणि त्यासाठी दोन-तीन वर्षे बाहेर राहणे परवडू शकते. घरभाडे भत्त्याच्या आकड्याकडे पाहून मात्र कोणी जाऊ नये. तो घरमालकाला जातो.

खासगी कंपनीत कागद वेगळा. तिथे वार्षिक पॅकेजचा आकडा सांगतात, त्यात कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटीची तरतूद आणि कामगिरीवर अवलंबून असलेली रक्कम मिळवलेली असते. मासिक हातात किती पडणार, हे एचआरकडून लेखी घ्या आणि बदलती रक्कम शून्य धरूनच हिशेब करा. मूळ वेतन किती वाढते हे इथेही पाहायचे. ग्रॅच्युइटी शेवटच्या वेतनावर (त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता येतोच), वर्षाला पंधरा दिवसांच्या हिशेबाने मिळते. २५ वर्षे सेवा झालेल्याचे मूळ वेतन ८,००० ने वाढले, तर ८,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले २५, म्हणजे १,१५,३८४ रुपये ग्रॅच्युइटीत वाढतात, अर्थात २० लाखांच्या मर्यादेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू होईपर्यंत तेच ८,००० विशेष भत्ता म्हणून दिले तर यातला एक रुपयाही वाढत नसे. बदली ग्रुपमधल्या दुसऱ्या कंपनीत असेल, तर जुनी सेवा अखंड धरली जाईल हे पत्रात आलेच पाहिजे.

कामगाराचा सुपरवायझर होताना दोन गोष्टी सुटतात. दुप्पट दराचा ओव्हरटाइम बहुतेक ठिकाणी बंद होतो. ज्याला महिन्याला चाळीस-पन्नास तास ओव्हरटाइम मिळत होता, त्याचा हातातला पगार बढतीनंतर कमी झालेला आम्ही नेहमी पाहतो. दुसरे म्हणजे ईएसआयसी, कामगारांचा राज्य विमा. पगार २१,००० च्या वर गेला की चालू अंशदान कालावधी संपेपर्यंतच वर्गणी कापली जाते. हे कालावधी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे असतात. मे महिन्यात पगार वाढला तर सप्टेंबरअखेर वर्गणी थांबते आणि त्या वर्गणीवरचा लाभ पुढच्या ३० जूनला संपतो. त्याआधी घरातल्या सगळ्यांचा, आईवडिलांसकट, आरोग्य विमा उभा राहिला पाहिजे. कंपनीच्या ग्रुप विम्यात आईवडील घेता येतात का, त्यांच्या जुन्या आजारांना किती दिवसांनी संरक्षण लागू होते आणि खोलीभाड्याला मर्यादा आहे का, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत.

आता बिऱ्हाडाचा हिशेब. नमुना म्हणून जळगावात स्वतःच्या घरात राहणारा आणि हातात ४८,००० मिळवणारा माणूस घ्या. चाकणला ६६,००० मिळणार आहेत, फरक १८,०००. तिथे घरभाडे १६,०००, सोसायटी आणि पाणी २,०००, शाळेची फी आणि व्हॅन यांतला फरक ३,५००, दूध-भाजी-किराण्यातला फरक ३,०००, कामावर जाण्या-येण्याचे २,५००, गावाकडच्या फेऱ्यांचे महिन्याकाठी ३,००० धरू. झाले ३०,०००. जळगावचे घर भाड्याने देऊन ७,००० आले, म्हणजे निव्वळ खर्च २३,०००. बढती मिळूनही महिन्याला ५,००० कमी. पत्नीचे शिवणकाम किंवा ट्युशनचे ८,००० बंद झाले तर तूट १३,००० वर जाते. हे आकडे आमचे आहेत. प्रत्येकाने आपले टाकावेत, पण ओळी याच ठेवाव्यात. सर्वाधिक विसरल्या जाणाऱ्या दोन ओळी म्हणजे गावाकडच्या फेऱ्या आणि जोडीदाराचे उत्पन्न. फेऱ्या वर्षाच्या मोजाव्यात: दिवाळी, आखाजी, श्रावणातली कानबाई, एप्रिल-मेमधली चार लग्ने आणि एखादे दुखणे-खुपणे. कानबाईच्या रोटाला (प्रसादाच्या जेवणाला) भाऊबंदकीत हजर राहावेच लागते. चार माणसांच्या अशा सात-आठ फेऱ्या वर्षाला सहज होतात.

शिवाय पहिल्या महिन्यातला एकदाचा खर्च. तीन महिन्यांचे डिपॉझिट ४८,०००, दलालाचे एक भाडे १६,०००, ट्रक, हमाली, नव्या शाळेचा प्रवेश. लाख-सव्वा लाख हाताशी असल्याशिवाय बिऱ्हाड हलवू नये. भाड्याचा करार नोंदणीकृतच करावा. आपल्या राज्यात अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सलाही नोंदणी सक्तीची आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असते आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी व्याज धरून ते त्यात मिळवतात. वरच्या उदाहरणात १,७६,००० अधिक ४,४००, त्याचा पाव टक्का म्हणजे ४५१ रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. एवढ्यासाठी साधा नोटरी करार करून कंपनीकडून घरभाड्याचा दावा नाकारून घेणे शहाणपणाचे नाही. जळगावचे घर भाड्याने देतानाही हेच. घर फ्लॅट असेल तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावते, पण ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. घरभाडे भत्त्याची करसवलत फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. नव्या पद्धतीत असाल तर ती हिशेबात धरू नका.

नव्या शहरात पहिल्याच वर्षी फ्लॅट घेणे, हे या वयातले सर्वात महाग पाऊल. ४८ व्या वर्षी कर्ज फेडायला जेमतेम बारा वर्षे मिळतात. ४० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ३४,७०० येतो, बारा वर्षांसाठी सुमारे ४४,४००. पहिले अकरा महिने भाड्यानेच राहा. तेवढ्यात हे पद, हा साहेब आणि हे गाव आपल्याला झेपते का, ते कळते.

मुलांच्या बाबतीत आमचे मत ठाम आहे. नववी ते बारावीतले मूल हलवू नये. आठवीपर्यंतचे मूल जूनच्या सुरुवातीला हलवले तर सहसा निभावते. राज्य मंडळात दहावीचा अर्ज शाळेमार्फत एकदा भरला गेला की शाळा बदलणे फार अवघड होते. सीबीएसईत नोंदणी नववी आणि अकरावीतच होते. दहावी-बारावीत थेट प्रवेश पालकाच्या बदलीच्या कारणावर मिळू शकतो, पण मंडळाच्या परवानगीने आणि बदलीचा आदेश जोडून. अकरावीसाठी २०२५-२६ पासून राज्यभर एकच ऑनलाइन प्रक्रिया आहे, त्यामुळे दहावी इथेच करून अकरावीला नव्या शहरात जाणे हा सांधा आता पूर्वीपेक्षा सोपा झाला आहे.

राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांनी मात्र जपून. आपल्याकडून सुरत, अंकलेश्वर, वापी, इंदूर जवळ वाटतात. नंदुरबार-नवापूरकडच्या माणसाला सुरत पुण्यापेक्षा कितीतरी जवळ, आणि तिथल्या लिंबायत-उधन्यात निम्मी आपलीच माणसे भेटतात. पण महाराष्ट्रातल्या एमबीबीएसच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावी लागते. सरकारी नोकरांच्या मुलांसाठी काही अपवाद आहेत, खासगी कंपनीतल्यांना ते धरून चालता येत नाही. ज्या मुलाला ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यायची आहे, त्याची बारावी वापीत झाली तर हा दरवाजा बंद होतो आणि नंतर कोणत्याही अर्जाने उघडत नाही. इंजिनिअरिंगचे पात्रता नियमही त्याच्याआधी वाचून घ्यावेत. महाराष्ट्राचा जातीचा दाखला गुजरातच्या राज्य आरक्षणाला चालत नाही. आणि गुजरातेत २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी सर्व शाळांत गुजराती सक्तीची आहे, म्हणजे सहावीतल्या मुलाला नवी लिपी आणि नवी भाषा एकदम उचलावी लागू शकते. जात पडताळणी, अधिवास, नॉन-क्रीमीलेअर हे सगळे दाखले इथे असतानाच काढून घ्यावेत, आणि परराज्यात जाताना शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्यावी. नंतर एका सहीसाठी दोन दिवसांची रजा जाते.

जोडीदाराची नोकरी. पत्नी जिल्हा परिषदेत शिक्षिका असेल तर आंतरजिल्हा बदली होऊ शकते, पण नव्या जिल्ह्यात ज्येष्ठता शेवटून सुरू होते आणि जागा निघेपर्यंत वाट पाहावी लागते. अनुदानित खासगी शाळेत तर बदली जवळजवळ नसतेच. अठरा-वीस वर्षांची पेन्शनपात्र किंवा अनुदानित नोकरी सोडून नवऱ्याच्या १,६०० रुपयांच्या मूळ वेतनवाढीमागे जाणे हा आमच्या मते सरळ तोटा आहे. पतीने पत्नीच्या बढतीमागे जायचे असेल तेव्हाही हाच हिशेब, आणि तो तेवढ्याच गंभीरपणे मांडावा. आमच्या भागात बाईची बढती घरात चर्चेला येण्याआधीच नाकारली जाते, हे आम्ही टेबलापलीकडून पुष्कळदा पाहिले आहे. नकाराच्या अर्जावर सही तिची असते, निर्णय दुसऱ्यांचा.

नकार देणे हा गुन्हा नाही, पण तो फुकटही नसतो. केंद्रात नकार मंजूर झाला की एक वर्ष पुन्हा बढती देऊ केली जात नाही आणि त्या काळात वर गेलेले कनिष्ठ आपल्यापुढे जातात. एमएसीपी मिळण्याआधीच नियमित बढती नाकारली असेल तर ती श्रेणी अडते. मिळाल्यानंतर नाकारली तर मिळालेली जात नाही, पण बढतीसाठी पुन्हा तयारी दाखवेपर्यंत पुढची मिळत नाही. राज्यात आणि बँकांत नियम निराळे आहेत, म्हणून आपल्या खात्याचे परिपत्रक आस्थापना शाखेकडून मागून घ्या. नकाराच्या अर्जात कारण नेमके लिहा. “घरगुती अडचण” असे मोघम लिहिण्यापेक्षा “मुलगी इयत्ता दहावी, परीक्षा मार्चमध्ये” असे लिहा आणि कागद जोडा. काही वेळा त्यावरून रुजू होण्याची मुदत वाढवून मिळते आणि नकार द्यावाच लागत नाही. बढती नाकारण्याआधी मुदतवाढ मागावी, हे आम्ही प्रत्येकाला सांगतो.

होकार देऊन माणसाने एकट्याने जायचे आणि घर इथेच ठेवायचे, हा मार्ग खानदेशात पुष्कळ जण घेतात. घरभाडे भत्ता नोकरीच्या गावावर ठरतो, कुटुंब कुठे राहते यावर नाही. त्यामुळे मुंबईत दोघा-तिघांत खोली घेतली तर दोन चुलींचा खर्चही भागतो. खोलीचा वाटा ७,०००, डबा ४,०००, लोकलचा पास आणि चहापाणी १,५००, महिन्याला दोन फेऱ्यांचे रेल्वेभाडे २,०००: एकूण साडेचौदा हजार, आणि वाढ होती १६,२५२. पैशाने बरोबरी होते, झीज शरीराची होते. भुसावळ-मुंबई साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. शुक्रवारी रात्री निघून सोमवारी पहाटे परत उतरणे पन्नाशीत वर्षभर जमते, दोन वर्षे ओढून जमते, त्यापुढे रक्तदाब आणि साखर बोलू लागतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी खुले होते. दर पंधरवड्याची जागा त्या दिवशी सकाळीच काढावी, नाहीतर जनरल डब्यात उभे राहून केलेली फेरी पुढचे दोन दिवस खाते. एकट्याने जाण्याला सुरुवातीलाच शेवट ठरवावा. मुलीची बारावी झाली की घर हलेल किंवा दोन वर्षे झाली की परतीचा अर्ज जाईल, अशी तारीख घरातल्या सगळ्यांना माहीत असावी. तारीख नसलेली दोन बिऱ्हाडे निवृत्तीपर्यंत तशीच राहतात.

घर मागाहून हलवणार असाल तर भत्त्याची मुदत पाहा. केंद्रात बदलीचे एकरकमी अनुदान मूळ वेतनाच्या ८० टक्के असते, ५२,००० वर ४१,६००. नव्या जागी रुजू होण्यासाठी एक हजार किलोमीटरपर्यंत दहा दिवस मिळतात. कुटुंबाचा प्रवासखर्च बदलीच्या आधी एक महिना ते नंतर सहा महिने या काळातला मिळतो. जूनमध्ये बदली आणि पुढच्या एप्रिलमध्ये घर हलवले तर ही मुदत उलटून जाते, म्हणून वाढीव मुदतीचा अर्ज आधीच द्यावा. स्वतःच्या विनंतीवरून झालेल्या बदलीला हे अनुदान मिळत नाही. आदेशात “प्रशासकीय” की “विनंतीवरून” लिहिले आहे, तो शब्द वाचून मगच कार्यमुक्त व्हावे. जुने क्वार्टर किती महिने ठेवता येते, हेही लेखी घ्यावे. मुदतीनंतर लागणारे दंडाचे भाडे थेट पगारातून कापले जाते.

आईवडिलांना बरोबर नेण्याबाबत एकच सूचना: त्यांना विचारा, आणि होकार मिळाला तरी आधी महिनाभर नेऊन पाहा. सत्तरीतली माणसे चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बोलायला माणूस नाही म्हणून खचतात. त्यांना इथेच ठेवायचे तर औषधांची यादी, डॉक्टरचा फोन, रात्री धावून येणारा एक शेजारी आणि बँक खात्यावर दुसरी सही एवढे पक्के करून निघावे. वय ७० पूर्ण असेल तर आयुष्मानचे ज्येष्ठांसाठीचे पाच लाखांचे कार्ड काढून द्यावे. त्याला उत्पन्नाची अट नाही.

शेती असेल तर तिचे वर्ष ऑफिसच्या वर्षाशी जुळत नाही. सालदाराचे (सालगड्याचे) साल आखाजीला बदलते. ऑर्डर मे-जूनमध्ये आली तर चांगला सालदार आधीच दुसरीकडे लागलेला असतो. ज्या वर्षी जाण्याची शक्यता आहे, त्या वर्षी मृगबाग किंवा कांदेबाग केळी लावू नये. केळी वर्षभराहून जास्त काळ रोजची नजर मागते. ठिबकमधले खत चार वेळा चुकले की घड हलका येतो, आणि भाव मिळायच्या दिवशी मालक बांधावर नसेल तर माल कमी भावात जातो. कापूस, मका, हरभरा निम्म्याने देता येतो, पण खत-बियाण्यात कोणाचा किती वाटा, हे भावाशी असले तरी कागदावर लिहावे. ई-पीक पाहणी शेतात उभे राहून मोबाइलवर करावी लागते. ती कोण करणार हे ठरले नाही, तर सातबाऱ्यावर पीक लागत नाही आणि हमीभावाच्या खरेदीत अडचण येते.

लहान गोष्टी थोडक्यात. गॅसचे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून ट्रान्स्फर व्हाउचर घ्यावे. परराज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहायचे असेल तर गाडीची पुन्हा नोंदणी लागते, त्यासाठी इथल्या आरटीओचा ना-हरकत दाखला. एसी काढताना गॅस आत ओढून घ्यायला सांगावे, नाहीतर तिकडे पुन्हा भरावा लागतो.

खासगी कंपनीतल्यांनी सही करण्यापूर्वी चार गोष्टी पत्रात आणून घ्याव्यात. सामान, दलाली आणि पहिल्या पंधरा दिवसांची राहण्याची सोय कोण देणार. नोकरी सोडली तर ते पैसे किती महिन्यांपर्यंत परत मागतील. नव्या पदावर परिवीक्षा (प्रोबेशन) असेल आणि ती पूर्ण झाली नाही तर जुने पद मिळेल की घरी जावे लागेल. आणि “दोन वर्षांनी परत जळगावला आणू” हे शब्द. तोंडी आश्वासन देणारा साहेब त्याआधी स्वतःच बदलून गेलेला असतो, नवा साहेब कागद मागतो.

आपल्या दैनिकामार्फत सर्व कार्यालयांच्या आणि कंपन्यांच्या प्रमुखांकडे आमची एक मागणी आहे. बढतीच्या आदेशासोबत त्या कर्मचाऱ्याच्या वेतननिश्चितीचा एका पानाचा तक्ता द्यावा: आजचे मूळ वेतन, बढतीनंतरचे, दोन्ही पर्यायांतले, नव्या गावचे भत्ते, आणि नकाराचे परिणाम. आस्थापना शाखेला हे अर्ध्या तासाचे काम आहे. तसेच ज्यांची मुले दहावी-बारावीत आहेत त्यांची माहिती जानेवारीतच मागवून घ्यावी, म्हणजे त्यांचे आदेश परीक्षेनंतरच्या तारखेचे काढता येतील. तोवर ज्यांच्या हातात आज ऑर्डर आहे, त्यांनी हा तक्ता स्वतः लेखी अर्ज करून मागावा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी.

आपले विश्वासू,
आस्थापना, लेखा व मनुष्यबळ शाखांत काम केलेले काही वाचक,
भुसावळ–जळगाव